धातुशोधक यंत्र आणि जमिनीचा पासंग



मोठ्या जत्रेला किंवा सभेला पोलिस बंदोबस्तासाठी येतात, तेव्हा कधी कधी त्यांच्याजवळ लांब दांड्याचे एक यंत्र असते. दांड्याच्या खालच्या टोकाला थाळीएवढी चकती असते. ती जमिनीवरून फिरवताना यंत्र मध्येच वाजते आणि पोलिस तिथेच थांबून बघतात. हे धातुशोधक यंत्र. बोलताना सगळे त्याला मेटल डिटेक्टरच म्हणतात.

पुष्कळांना वाटते, यंत्र घेतले, बटण दाबले, की जमिनीच्या पोटातले सगळे आपोआप कळते. तसे मुळीच नाही बरं का! ह्या यंत्राला प्रत्येक जमीन नव्याने दाखवावी लागते. दुकानात झकास वाजलेले यंत्र शेतात खोटे बोलते. सकाळी खरे बोललेले यंत्र दुपारच्या पावसानंतर चुकते. जिथे जमिनीत सुरुंग पेरलेले आहेत, तिथे ही चूक म्हणजे कोणाचा तरी पाय किंवा प्राण. म्हणून यंत्र आणि माती यांची जुळणी कशी करतात, ते आज नीट समजून घेऊ.

यंत्र वाजते कसे?

चकतीच्या आत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून वाहणारी वीज एका सेकंदात हजारो वेळा दिशा बदलते. त्यामुळे वेटोळ्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि ते खाली जमिनीत उतरते. वाटेत खिळा, नाणे, डब्याचे झाकण असे काही आले, तर त्या धातूत विजेचे बारीक प्रवाह गोल गोल फिरू लागतात, अगदी ओढ्यातल्या भोवऱ्यासारखे. ते प्रवाह स्वतःचे लहानसे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात. ते वर येऊन वेटोळ्याला भेटते आणि यंत्र वाजते.

थोडक्यात काय, यंत्र हाक मारते आणि धातू ‘ओ’ देतो. काही यंत्रे सतत हाक मारत राहतात, तर काही एक जोरदार हाक मारून क्षणभर गप्प होतात आणि कान देऊन ऐकतात.

आता थोडे गणित. वस्तू लहान असेल आणि चकतीपासून बरीच खोल असेल, तर अंतर दुप्पट झाल्यावर खाली पोचणारी हाक आठपट मंद होते. वर येणारी ‘ओ’सुद्धा आठपट मंद होते. आठ गुणिले आठ किती? चौसष्ट! म्हणजे खोली दुप्पट झाली, तर आवाज निम्मा होत नाही, चौसष्टावा हिस्सा उरतो. म्हणून जमिनीत एक-दोन बोटांच्या फरकालाही किंमत आहे.

मातीसुद्धा ‘ओ’ देते

इथेच सगळी गोम आहे. ‘ओ’ फक्त धातूच देत नाही, मातीही देते.

आपल्या महाराष्ट्राचा मोठा भाग काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हारस बाहेर आला, थरावर थर बसले आणि थंड झाले. तोच हा खडक. शास्त्रज्ञ त्याला बेसॉल्ट म्हणतात. त्यात मॅग्नेटाइट नावाचे लोहाचे खनिज असते. ते लोहचुंबकाला चिकटते. हा खडक झिजून आपली काळी माती झाली, तेव्हा हे बारीक कण मातीतही आले. कोकणातला जांभा दगडही लोहाच्या खनिजांनी भरलेला असतो. अशा जमिनीवर चकती नेली, की खाली एक टाचणीसुद्धा नसताना यंत्र कुरकुर करू लागते.

माती लाल दिसली म्हणजे ती यंत्राला त्रास देणारच, असे मात्र समजू नका. गेरूचा तांबडा रंग ज्या खनिजामुळे येतो, ते लोहचुंबकाकडे फारसे ओढले जात नाही. उलट दिसायला साध्या मातीतही चुंबकी कण भरपूर असू शकतात. रंगावरून माणूस ओळखू नये, तशी मातीही ओळखू नये!

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आगीत भाजलेली माती बहुधा जास्त चुंबकी होते. त्यामुळे जुन्या चुलीच्या किंवा वीटभट्टीच्या जागी यंत्राचा आवाज बदलतो. दुसरी गोष्ट पाण्याची. समुद्रकाठच्या ओल्या वाळूत खारे पाणी असते आणि त्यातून वीज वाहते, म्हणून तिथेही यंत्र फसते. कोरडी वाळू आणि ओली वाळू ह्या यंत्राच्या दृष्टीने दोन वेगळ्या जमिनी आहेत.

पासंग म्हणजे काय?

आठवड्याच्या बाजारात भाजीवाल्या मावशींचा तराजू पाहिलात? माल घालण्याआधी त्या रिकामा तराजू उचलून धरतात. एक पारडे खाली गेले, तर दुसऱ्यात छोटासा खडा टाकून दांडी सरळ करतात. हा पासंग. पासंग न काढता तोलले, तर वजन नवे कोरे असले तरी माप खोटेच येणार.

धातुशोधक यंत्राचेही असेच आहे. आधी नुसत्या मातीचा पासंग काढायचा. मातीच्या ‘ओ’ला यंत्राने गप्प राहावे, पण मातीत धातू आला की लगेच बोलावे, अशी जुळणी करायची. यालाच यंत्र जमिनीशी जुळवणे म्हणतात.

पलंगाने केलेला घोटाळा

पासंग न पाहिल्याने काय होते, याची एक खरी हकिगत इतिहासात आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी शरीरातच राहिली. ती कुठे अडकली आहे, हे डॉक्टरांना समजेना. त्या वेळी क्ष-किरणांचा शोध लागायचा होता.

टेलिफोनचा शोध लावणारे अलेक्झांडर ग्रॅहम बेल मदतीला धावले. त्यांनी धातू शोधणारे विजेचे यंत्र तयार केले. मांसात गोळी खुपसून त्याची परीक्षा घेतली. जुन्या युद्धातल्या गोळ्या ज्यांच्या अंगात राहिल्या होत्या, अशा सैनिकांवरही ते चालवून पाहिले. यंत्र बरोबर वाजले. पण अध्यक्षांच्या अंगावरून फिरवले, तर आवाज एका जागी न येता बऱ्याच मोठ्या भागावर येत राहिला. नंतर कळले, की अध्यक्षांच्या बिछान्याखाली पोलादी तारांची गादी होती! शिवाय गोळी उजव्या बाजूला आहे अशी मुख्य डॉक्टरांची समजूत होती, म्हणून शोधही त्याच बाजूला झाला. गोळी होती डाव्या बाजूला. १९ सप्टेंबर १८८१ रोजी गारफिल्ड वारले. जखमेत झालेला संसर्ग त्यांना बाधला.

बेल यांचे यंत्र खोटे नव्हते. ज्या जागी काम करायचे, त्या जागेचाच पासंग पाहिला गेला नव्हता. ती जागा म्हणजे तो पलंग.

जिथे चूक परवडत नाही

दुसऱ्या महायुद्धात जमिनीत लक्षावधी सुरुंग पेरले गेले. पोलंडचे एक लष्करी अधिकारी योझेफ कोसाट्स्की यांनी १९४१ साली स्कॉटलंडमध्ये एका माणसाला हातात धरून चालवता येईल असे सुरुंगशोधक यंत्र तयार केले. १९४२ साली इजिप्तमधल्या अल अलामीनच्या लढाईत अशी ५०० यंत्रे वापरली गेली. त्याच महायुद्धात आपल्या मराठा पलटणीचे नामदेव जाधव यांनी इटलीत, ९ एप्रिल १९४५ रोजी, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून आपल्या जखमी सोबत्यांना उचलून आणले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातले.

युद्ध संपते, पण सुरुंगाला ते कळत नाही. तो वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो. पुढे त्यावर शेतकऱ्याचा नांगर जातो, गुराख्याचे पाऊल पडते, सरपण गोळा करणाऱ्या पोरीचा हात पडतो. कंबोडिया, अंगोला, मोझांबिक या देशांनी हे दुःख फार सोसले. मोझांबिकमध्ये १९९२ साली शांतता झाली आणि देश सुरुंगमुक्त झाल्याची घोषणा सप्टेंबर २०१५ मध्ये झाली. मधल्या काळात माणसांनी गुडघे टेकून, हातभर हातभर जमीन तपासली.

आता अडचण पाहा. काही सुरुंग जवळजवळ पूर्ण प्लॅस्टिकचे असतात. त्यात धातू म्हणाल तर एखाद्या बारीक खिळ्याच्या टोकाएवढा. त्याची ‘ओ’ अगदी क्षीण. त्यात माती जर जांभ्यासारखी बडबडी असेल, तर मातीच्या गलक्यात ती क्षीण ‘ओ’ बुडून जाते. म्हणून वेगवेगळ्या देशांतल्या मातीत यंत्रांच्या परीक्षा घेतल्या गेल्या. २००३ साली युरोपात अशा परीक्षा कशा घ्याव्यात याचे नियम लिहून ठरवले गेले. २००४ आणि २००५ साली लाओस आणि मोझांबिक इथल्या जमिनीवर यंत्रे प्रत्यक्ष तपासली गेली. नुसत्या हवेत घेतलेल्या परीक्षेवर विसंबून चालत नाही, हे त्यामागचे मुख्य सूत्र.

यंत्र कसे जुळवतात?

जाणता माणूस काम सुरू करण्याआधी पुढील पायऱ्या पाळतो.

पहिली पायरी : आपल्या अंगावरचे धातू दूर करणे. घड्याळ, कडे, किल्ल्या, पट्ट्याचे बक्कल, सगळे. बुटात खिळे असतील तर यंत्र बुटालाच ‘ओ’ देईल!

दुसरी पायरी : स्वच्छ जागा शोधणे. ज्या जमिनीत काम करायचे, त्याच जमिनीतला, पण धातू नसलेला आणि तपासून सुरक्षित ठरलेला छोटा तुकडा निवडायचा. खाली खिळा असताना जुळणी केली, तर यंत्र त्या खिळ्यालाच माती समजून बसेल.

तिसरी पायरी : पासंग काढणे. चकती गुडघ्याइतकी वर उचलायची आणि हळूच जमिनीजवळ आणायची. असे चार-सहा वेळा करायचे. चकती खाली जाताना किंवा वर येताना आवाज वाढत असेल, तर बटण थोडे थोडे फिरवून तो एकसारखा करायचा. काही यंत्रे हे काम आपले आपण करतात. तरी त्यांनी ते बरोबर केले की नाही, हे माणसानेच पाहायचे.

चौथी पायरी : कान किती तिखट ठेवायचा ते ठरवणे. त्यासाठी वेगळे बटण असते. ट्रान्झिस्टरचा आवाज वाढवला, की गाण्याबरोबर खरखरही वाढते ना? तसेच हे. कान फार तिखट केला, तर मातीचा प्रत्येक कण ओरडू लागतो. फार मंद केला, तर खरी वस्तूही गप्प. म्हणून बटण वर नेऊन, खोटी कुरकुर थांबेपर्यंतच खाली आणायचे. त्याहून खाली नाही.

पाचवी पायरी : ओळखीच्या वस्तूने परीक्षा. आपल्याला जी वस्तू शोधायची, तिच्यासारखीच एक वस्तू मोजलेल्या खोलीवर ठेवायची आणि यंत्र वाजते का ते बघायचे. समजा, हवेत ती २० सेंटिमीटरवरून ऐकू येते. ह्या जमिनीत कदाचित १२ सेंटिमीटरलाच आवाज संपेल. मग आपले खरे माप १२. हवेतले २० विसरून जायचे! वस्तू आडवी, उभी, तिरपी ठेवून पाहायचे, कारण तीच वस्तू वळवली तर आवाज बदलतो. नुकत्याच खणलेल्या खड्ड्यात माती भुसभुशीत असते, म्हणून परीक्षेची वस्तू पुरून माती बसू दिलेली बरी.

सहावी पायरी : चाल ठरवणे. चकती जमिनीला समांतर आणि जमिनीलगत फिरवायची. झाडू मारताना शेवटी हात वर जातो, तसे इथे चालत नाही. यंत्राचा पोच खाली निमुळता होत जातो, म्हणून पुढचा फेरा आधीच्या फेऱ्यावर थोडा चढवायचा. शेणाने जमीन सारवताना हात हातावर चढवतात, अगदी तसा. नाही तर दोन फेऱ्यांच्या मध्ये खोलवर न तपासलेली पट्टी राहून जाते.

सातवी पायरी : पुन्हा परीक्षा. सकाळी, विश्रांतीनंतर, बॅटरी बदलल्यावर, पाऊस पडल्यावर, मातीचा पोत बदलल्यावर, दर वेळी ओळखीच्या वस्तूने यंत्राला विचारायचे, ‘अजून ऐकू येते ना रे?’

आणि परीक्षेत यंत्र नापास झाले तर? तर काम सुरू करायचे नाही. एक तर त्या मातीला मानवणारे दुसरे यंत्र आणायचे, किंवा वरचा थर तपासून झाल्यावर तो बेताने काढायचा आणि खालचा थर पुन्हा तपासायचा. वेळ जातो, पण माणूस वाचतो.

जास्त आवाज म्हणजे जास्त सुरक्षितता का?

कोणी म्हणेल, ‘गुरुजी, मग यंत्र अगदी तिखटच ठेवावे. खोटे वाजले तर वाजले.’ ऐकायला बरोबर वाटते. पण विचार करा. सुरुंगाच्या जमिनीत गंजके खिळे, डब्यांचे पत्रे, काडतुसांच्या नळ्या विखुरलेल्या असतात. एका सुरुंगामागे शेकडो वेळा नुसते भंगारच निघते. तरी प्रत्येक आवाज खरा मानून तिथे हाताने, बाजूने, बेताबेताने उकरावे लागते. त्यात मातीच्या खोट्या आवाजांची भर पडली, तर माणूस दमतो, कंटाळतो, त्याचा आवाजावरचा विश्वास उडतो. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट तुम्हांला माहीतच आहे. म्हणून मधला मार्ग शोधावा लागतो, आणि तो त्या जमिनीवरच सापडतो.

भंगार वगळून फक्त हवा तो धातू दाखवणारे बटणही काही यंत्रांना असते. नाणी शोधणाऱ्याला ते सोयीचे. पण सुरुंग शोधताना एकही धातू वगळायचा नसतो. एकच बटण एका कामात सोय आणि दुसऱ्या कामात धोका, हे पाहिलेत ना?

करून बघा

आपल्याजवळ यंत्र नाही, पण माती आहे आणि लोहचुंबक आहे. चुंबक कागदात गुंडाळा. ओढ्याची वाळू, काळ्या रानातली माती, मुरूम आणि जुन्या, थंड चुलीजवळची माती, अशा चार पुड्या आणा. सगळ्यांतली माती वाळवून, बारीक करून, एकेक वाटी घ्या. प्रत्येकीत चुंबक दहा वेळा फिरवा. कागदाला किती काळे कण चिकटले ते पाहा आणि वहीत लिहा. कोणती माती यंत्राला जास्त त्रास देईल, याचा अंदाज येईल.

दुसरा प्रयोग. चुंबक दोऱ्याने टांगा आणि खालून लोखंडी खिळा हळूहळू जवळ न्या. किती बोटे अंतर असताना चुंबक हलतो ते मोजा. मग खिळा मातीत एक बोट, दोन बोटे, तीन बोटे खोल ठेवून बघा. हा प्रयोग फक्त लोखंड ओळखतो. यंत्र तांबे, पितळ, सोनेही ओळखते. पण रीत दोन्हींकडे तीच : ओळखीची वस्तू, मोजलेली खोली, आणि लिहून ठेवलेले उत्तर.

शेवटी दोन गोष्टी

यंत्र घेऊन गुप्तधन शोधणारे लोक असतात. यंत्राला सोने आणि बाटलीचे झाकण यांतला फरक खात्रीने सांगता येत नाही. शिवाय १८७८ सालच्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. जुन्या किल्ल्यावर, देवळाच्या आवारात खणणे म्हणजे आपल्याच इतिहासाची पाने फाडणे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लष्कराच्या गोळीबाराच्या मैदानाजवळ न फुटलेले गोळे सापडतात. रानात, नदीकाठी अनोळखी लोखंडी वस्तू दिसली, तर हात लावू नका, दगड मारू नका, भंगारवाल्याकडे नेऊ नका. आल्या पावली मागे फिरा आणि मोठ्या माणसांना सांगा. ते पोलिस पाटलांना कळवतील. अशा वस्तूची परीक्षा तिचे शिक्षण घेतलेल्या माणसानेच करायची.

सांगा पाहू

१) रिकामा तराजू उचलून पाहणे आणि यंत्र स्वच्छ जमिनीवर जुळवणे, यांत साम्य काय?
२) हवेत २० सेंटिमीटरवरून ऐकू येणारी वस्तू जमिनीत १२ सेंटिमीटरलाच ऐकू येत असेल, तर कोणते माप खरे धरावे? का?
३) दुपारी पाऊस पडून गेला. यंत्र सकाळी जुळवले होते. आता काय कराल?